गाडीचा प्रोग्राम

स्विच तिसऱ्यांदा फिरवला, तरी दिवे लागले नाहीत.

गाडी नवी कोरी होती. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. तिचा पुढचा बंपर मी सकाळी उतरवला होता, त्यात फॉग लॅम्प बसवले होते आणि बंपर परत चढवला होता. आता मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्विच पुढे-मागे करत होतो, आणि गाडीचे मालक रंगनाथराव, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते समोर उभे राहून मान हलवत होते.

"मिस्तरी, डावा बी न्हाई अन् उजवा बी न्हाई."

"बघून राह्यलो, आबा."

"तुम्ही तर अर्ध्या घंट्याचं काम म्हणल्ते."

म्हणलो होतो, खरं आहे. जालन्यात अंबड रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. तोवर पंचवीसएक वर्षं झाली होती. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॉल्या, सगळ्यांच्या वायरिंगमधून माझा हात फिरलेला. अंधारात नुसत्या बोटांनी वायर ओळखतो अशी माझी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात माझाही हातभार होता. त्यामुळे दोन दिवे लागत नाहीत म्हणजे मला ते अब्रूवर आल्यासारखंच वाटलं.

फॉग लॅम्प म्हणजे काय ते आधी सांगतो. हेडलाईटचा उजेड वर आणि लांब जातो. धुई पडली की तो उजेड धुईवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो, पुढं सगळं पांढरं दिसतं. फॉग लॅम्प खाली बंपरमध्ये असतात. त्यांचा उजेड रुंद आणि जमिनीलगत पसरतो. लांबचं दिसत नाही, पण समोर वीस-पंचवीस पावलांवर काय उभं आहे ते कळतं. गाड्यांच्या महागड्या मॉडेलमध्ये ते कंपनीतूनच येतात. आबांचं मॉडेल मधलं होतं. म्हणून त्यांनी औरंगाबादच्या शोरूममधून कंपनीचाच सेट वेगळा घेतला होता. दोन दिवे, दोन जाळ्या आणि स्टिअरिंगखालचा नवीन स्विच. शोरूमवाला बसवूनही देणार होता, पण त्याला दोन दिवस गाडी ठेवून घ्यायची होती. आबा म्हणाले, आमचा जालन्याचा मिस्तरी बसवंल.

आबांना हे दिवे कशाला पाहिजे होते, त्यालाही कारण होतं. त्यांचा ऊस अंकुशनगरच्या बाजूला. आदल्या थंडीत ते पहाटे जीप घेऊन निघाले होते. कालव्याच्या अंगाला इतकी दाट धुई होती की उसाची ट्रॉली रस्त्यात बंद पडून उभी आहे हे त्यांना जीप तिच्यात शिरल्यावरच कळलं. उजवा हात मोडला. तो बसवला, पण तेव्हापासून त्यांना पाण्याचा तांब्या उचलायचा तरी डावा हात लागतो.

आणि आता त्यांची मुलगी वैशाली डॉक्टर झाली होती. त्याच रस्त्यावरच्या एका गावात तिला सरकारी दवाखान्यात नोकरी मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. घर अंबडला, म्हणजे रोज सकाळी तोच रस्ता. गाडी तिच्यासाठीच घेतली होती. घेऊन झाल्यावर मात्र आबांचा धीर सुटला. त्यांनी घरात सांगून टाकलं, फॉग लॅम्प लागले तर चावी पोरीच्या हातात. नाही तर पोरगी गाडी चालवणार नाही, आणि ड्रायव्हर मिळेपर्यंत नोकरीवर हजरही होणार नाही.

हे मला आबांनी सांगितलं नव्हतं. वैशालीनं सांगितलं. ती दुकानातल्या बाकड्यावर हातात गाडीचं पुस्तक घेऊन बसली होती. मी पान्याला हात घालायच्या आधीच ती हळूच म्हणाली, "काका, आज शनिवार आहे. आज दिवे लागलेच पाहिजेत. आबा कारणच शोधून राह्यलेत."

"लागले समजा," मी म्हणालो होतो.

तर आता ते लागत नव्हते.

जुन्या गाडीची वायरिंग समजायला सोपी. बॅटरीतून करंट निघतो, फ्यूजमधून जातो, रिलेमधून जातो, स्विच दाबला की दिव्यापर्यंत पोचतो. कुठं अडकला ते मागं मागं जात शोधायचं. मी तसंच केलं. आधी दिवा काढून थेट बॅटरीला लावला. लख्ख लागला. दुसराही लागला. म्हणजे बल्ब चांगले. फ्यूज बघितला, चांगला. बंपरमागं कंपनीनं आधीच वायर आणि सॉकेट देऊन ठेवलं होतं, त्यात टेस्ट लॅम्प लावला. टेस्ट लॅम्प म्हणजे आमचं घरगुती हत्यार, बल्बला दोन वायरी जोडलेल्या असतात, करंट असेल तर बल्ब पेटतो. तो काही पेटला नाही. म्हणजे सॉकेटपर्यंत करंटच येत नव्हता.

मी शोरूमला फोन लावला. पार्टच्या काउंटरवर एक तरुण माणूस होता. सेट त्यानंच विकला होता.

"कंपनीची वायर आहे, फ्यूज आहे, बल्ब आहे, पण करंट येत न्हाई," मी म्हणालो.

"गाडीचा प्रोग्राम झालाय ना?" त्यानं विचारलं.

आता इथं मला थांबून सांगावं लागेल, की आमच्या भागात प्रोग्राम म्हणजे काय. लग्न म्हणजे प्रोग्राम. बारसं म्हणजे प्रोग्राम. वास्तुशांती, वाढदिवस, सत्यनारायण, पोराला नोकरी लागली म्हणून केलेलं जेवण, सगळे प्रोग्राम. "उद्या प्रोग्राम आहे" असं कोणी म्हणालं तर आम्ही फक्त एवढंच विचारतो, की जेवण दुपारचं आहे का संध्याकाळचं. आणि नवीन गाडीचा प्रोग्राम तर असतोच. शोरूमवालेही डिलिव्हरीच्या वेळी हार घालतात, पेढे वाटतात, फोटो काढतात. मला वाटलं, त्यांच्या कागदात तसं काही लिहावं लागत असेल. मोठ्या कंपन्यांचं काही सांगता येत नाही.

मी फोनवर हात ठेवून विचारलं, "आबा, गाडीचा प्रोग्राम झाला का?"

"झाला की. परवाच झाला."

"झालाय म्हणतेत," मी फोनमध्ये सांगितलं.

"मलाही घेताना त्यांनी तेच सांगितलं," तो म्हणाला. "प्रोग्राम झाला असेल तर दुसरं काही नाही. तुमच्या फिटिंगमध्ये कुठं तरी लूज असेल. नीट बघा."

त्यानं फोन ठेवला. फिटिंगमध्ये लूज. हे मला सांगत होता. माझ्या दुकानाला जेवढी वर्षं झाली तेवढं त्या पोराचं वय तरी असेल का, कोण जाणे. मी चिडून बंपर परत उतरवला.

त्यानंतरचे दोन-अडीच तास मला आठवायला आवडत नाहीत. मी एकेक जोड उघडून पाहिला. एकेक पिन पुसली. स्टिअरिंगखालचा नवीन स्विच काढला, परत बसवला, परत काढला. आबा दर दहा मिनिटांनी येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि काही न बोलता परत जायचे. मधे एकदा म्हणाले, "न्हाई होत असंल तर ऱ्हाऊ द्या मिस्तरी. घाई काय हाय?" हे म्हणताना त्यांचा चेहरा जरा जास्तच खुलला होता. वैशालीनं ते पाहिलं आणि पुस्तकात मान घातली.

मला मात्र घाई होती. मी डॅशबोर्डखालचं झाकण काढलं आणि आत कंपनीचा काळा डबा सापडला. गाडीचा कॉम्प्युटर. इंजिनाचा वेगळा असतो, हा दिवे, हॉर्न, काचा, लॉक अशा किरकोळ कामांचा. त्यातून फॉग लॅम्पची वायर निघते हे गाडीच्या पुस्तकातल्या नकाशावरून वैशालीनं शोधून दिलं. मी त्या वायरीला टेस्ट लॅम्प टेकवला आणि स्विच फिरवला.

बल्ब पेटला नाही. उलट मीटरमध्ये एक पिवळं चिन्ह पेटलं. पान्याचं.

चावी बंद केली, परत चालू केली. पाना तिथंच. ट्रकच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावणं वेगळं आणि कॉम्प्युटरला लावणं वेगळं, हे मी ऐकून होतो. ऐकून असूनही लावला होता. आता हा डबा जळाला असेल तर गाडी औरंगाबादला किती दिवस पडून राहील कोण जाणे. पोरीचा सोमवार गेलाच. आणि आबा आयुष्यभर सांगणार, मी तर आधीच म्हणलं होतं.

मी कोणाला काही बोललो नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही, झालं ते सांगतो.

उलट मी आणखी एक मूर्खपणा करायला निघालो. मनात म्हणालो, कॉम्प्युटर गेला खड्ड्यात, दिवे तरी लावून देऊ. बॅटरीवरून सरळ वायर ओढायची, मधे एक रिले, डॅशबोर्डला एक साधा बटन-स्विच. ट्रकला मी असं शेकडो वेळा केलंय. त्यासाठी कंपनीची वायर सॉकेटपाशी कापावी लागत होती. मी पक्कड हातात घेतली.

"काका, काय करून राह्यले?" वैशाली बाकड्यावरून उठली.

"थेट लाईन देतो. पंधरा मिनिटांत दिवे लागतेत."

"वायर कापून?"

"मंग? कापल्याशिवाय कशी जोडायची?"

तिनं पुस्तकाचं शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. कंपनीची वायर कापली तर वायरिंगची वॉरंटी संपली, असं त्यात ठळक लिहिलं होतं. मी म्हणालो, असं सगळेच लिहितात. ती म्हणाली, "एकदा अजून फोन करा. फक्त एकदा. न्हाई जमलं तर मंग कापा."

डॉक्टर लोकांची ही बोलायची रीत मला तेव्हा आवडली नाही. पण पोरगी बरोबर बोलत होती, आणि मीटरमध्ये तो पिवळा पाना पेटलेला होताच. मी फोन लावला. हात काळे होते म्हणून फोन स्पीकरवर करून बोनेटवर ठेवला.

"सगळं तपासलं," मी म्हणालो. "वायर चांगली, पिना चांगल्या, स्विच चांगला. तुमच्या डब्यातूनच करंट येत न्हाई."

"मग प्रोग्राम नीट झाला नसेल," काउंटरवाला म्हणाला.

हे ऐकून आबा तरातरा पुढं आले. "नीट कसा झाला न्हाई? दीडशे माणूस जेवलं."

जेवणाचा संबंध काउंटरवाल्याला कळला नाही.

"कोणी केला प्रोग्राम? त्यांचं नाव सांगा. मी त्यांना विचारतो."

"सदाशिव गुरुजींनी केला," आबा म्हणाले.

"आमच्याकडे सदाशिव नावाचं कोणी नाही."

"तुमच्याकडं कसे असतील? ते आमचे अंबडचे हायेत. माझ्या लग्नाला बी तेच होते."

"अहो, पण त्यांनी लॅपटॉप कुठून आणला?"

"लॅपटॉप कशाला लागतो?" आबांचा आवाज चढला. "त्यांना सगळं तोंडपाठ हाय."

वैशाली खाली बसली. आधी मला वाटलं, चक्कर आली. मग पाहिलं तर ती तोंडावर ओढणी धरून हसत होती. तिला बोलताही येईना. शेवटी डोळे पुसत उठली, फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "सर, गाडीची पूजा झालीये. तुम्ही म्हणताय ते कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग ना? ते झालेलं नाही. ते कोणीच केलेलं नाही."

मग त्या काउंटरवाल्यानं नीट समजावलं, आणि तो सकाळीच असं बोलला असता तर माझा एक दिवस वाचला असता. या गाड्यांमध्ये स्विच दिव्याला करंट देत नाही. स्विच फक्त कॉम्प्युटरला सांगतो, की दिवे लावायचे आहेत. कॉम्प्युटरकडं एक यादी असते, या गाडीत काय काय बसवलेलं आहे त्याची. आबांच्या गाडीच्या यादीत फॉग लॅम्पसमोर 'नाही' लिहिलेलं होतं. मी कितीही पिना पुसल्या तरी कॉम्प्युटरच्या हिशेबी ते दिवे गाडीत नव्हतेच. त्या यादीतलं 'नाही' काढून 'आहे' करायचं, यालाच ते प्रोग्राम म्हणत होते. आणि ते फक्त डीलरच्या मशीनवर होतं.

"मशीन औरंगाबादला," तो म्हणाला. "आमचे सय्यदभाई करतात. उद्या रविवार, बंद. सोमवारी ते ट्रेनिंगला चाललेत, आठ दिवस. आज सहाच्या आत या."

पावणेचार वाजले होते.

आबा म्हणाले, "मंग आता पुढच्या आठवड्यातच."

"आबा, बसा गाडीत," मी म्हणालो. माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला हुकूम सोडायची ती पहिलीच वेळ. बंपर चढवायला वीस मिनिटं लागली. एक क्लिप घाईत तुटली, ती नंतर मी माझ्याजवळची लावून दिली.

गाडी मीच चालवली. आबा शेजारी, वैशाली मागं. साठ किलोमीटर तो पिवळा पाना माझ्या डोळ्यांसमोर होता. बदनापूरच्या अलीकडं वैशाली मागून वाकून म्हणाली, "काका, ते चिन्ह कशाचं?"

"सीटबेल्टचं असंल," मी म्हणालो. तिघांनीही बेल्ट लावलेले होते. तिनं पुढं विचारलं नाही. माझी मला लाज वाटली.

पाच वीसला वर्कशॉपच्या फाटकात शिरलो. सय्यदभाई मध्यम वयाचे, चष्मा कपाळावर ठेवलेला, हातात चहा. काउंटरवाल्यानं त्यांना सगळा किस्सा सांगितलेला दिसत होता, कारण त्यांनी पहिल्यांदा आबांकडं पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसले.

मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं. "साहेब, एक गलती झाली. तुमच्या डब्याच्या वायरीला मी टेस्ट लॅम्प लावला. तवापासून पाना पेटलाय. जळालं असंल तर आत्ताच सांगा. माझ्यामुळं झालंय, त्यांच्यामुळं न्हाई."

स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात त्यांनी केबल खोचली आणि लॅपटॉप सीटवर ठेवला. स्क्रीनवर ओळींमागून ओळी आल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. दवाखान्याबाहेर नातेवाईक उभे राहतात तसा मी त्या दाराशी उभा होतो.

"बल्ब मोठा लावला होता?" त्यांनी विचारलं.

"इंडिकेटरचा."

"बराबर. त्याला वाटलं कुठंतरी शॉर्ट झालंय. त्यानं ती लाईन बंद करून टाकली अन् नोंद करून ठेवली. जळालं-बिळालं काही न्हाई. डबा तुमच्यापेक्षा हुशार हाय, मिस्तरी." त्यांनी एक बटन दाबलं. पाना विझला.

मी तिथंच टायरवर टेकलो. इतकं हलकं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं, आणि डबा माझ्यापेक्षा हुशार आहे हे ऐकूनही मला अजिबात राग आला नाही.

"वायर कापली असती तर बात अलग होती," सय्यदभाई म्हणाले. "मंग मी पण काही करू शकलो नसतो."

मी वैशालीकडं पाहिलं. तिनं ऐकलं होतं. पण ती काही बोलली नाही, याबद्दल मी आजही तिचा आभारी आहे.

पुढचं काम दहा मिनिटांचं. गाडीचा चासी नंबर टाकला. यादी उघडली. फॉग लॅम्पची ओळ आली, समोर 'नाही'. सय्यदभाईंनी आबांना जवळ बोलावून ते दाखवलं, आणि 'आहे' केलं. एक निळी पट्टी हळूहळू भरत गेली. तेवढ्या वेळात चावीला हात लावायचा नाही, दार उघडायचं नाही. आबा हात मागं बांधून उभे होते, आरतीला उभे राहतात तसे.

"हाच प्रोग्राम?" त्यांनी विचारलं.

"हाच."

"नारळ-बिरळ काही न्हाई?"

"चहा हाय," सय्यदभाई म्हणाले.

चावी बंद करून दोन मिनिटं थांबलो. मग त्यांनी मला खूण केली. मी आत बसलो, गाडी चालू केली, स्विच फिरवला. मीटरमध्ये हिरवं चिन्ह उमटलं आणि वर्कशॉपच्या भिंतीवर खाली दोन रुंद पिवळसर पट्टे पडले. उजव्या बाजूचा जरा वर होता, तो मी स्क्रू फिरवून खाली घेतला. तेवढं तरी माझ्या हाताला काम उरलं होतं.

आबा गाडीसमोर उकिडवे बसले. त्यांनी डावा हात उजेडात धरला, मग जरा मागं सरकून परत धरला. चांगला वेळ ते तसेच बसून होते. वैशाली गाडीच्या दाराशी उभी होती. ती हसत नव्हती आता. मी गाडी बंद करून चावी आबांच्या हातात दिली.

आबांनी चावी या हातातून त्या हातात घेतली. दिव्यांकडं पाहिलं. पोरीकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मिस्तरी, तुम्ही मागं बसा."

एवढंच. आणि चावी तिच्याकडं दिली.

परतीला दिवस मावळला होता. वैशालीनं औरंगाबादला शिकत असताना मैत्रिणीच्या गाडीवर हात बसवला होता, आणि चांगला बसवला होता. उगाच घाई नाही, उगाच ब्रेक नाही. करमाडपर्यंत आबांचा उजवा पाय खाली पायपुसण्यावर ब्रेक दाबत होता. समोर ट्रक आला की दाबायचे, ओव्हरटेक केलं की दाबायचे. दोनदा म्हणाले, "हळू." ती चाळीसवर होती. दोघांच्या मधे बोलणं हे माझं काम नव्हतं.

बदनापूर आलं तसा पाय थांबला. मी वाकून पाहिलं. आबा मान टाकून झोपले होते, तोंड जरा उघडं. वैशालीनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण गाडी सरळ चालली होती. तिनं रेडिओचा आवाज कमी केला.

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता तिचा फोन आला. म्हणाली, धुई होती, कालव्याच्या अंगाला तर फारच होती. एक बैलगाडी आणि दोन ट्रॉल्या वेळेवर दिसल्या. हजर झाले, सही केली, दोन पेशंटही तपासले. मी दुकानाचं शटर अर्धं उघडून तसाच उभा राहून ऐकत होतो.

या प्रकरणातून मी दोन गोष्टी शिकलो. एक म्हणजे नव्या गाडीत टेस्ट लॅम्प लावायचा नाही, करंट मोजायचा मीटर वापरायचा. तो मी आठवड्याच्या आत विकत घेतला. दुसरी म्हणजे गिऱ्हाइकाला 'प्रोग्राम झाला का' असं कधीही विचारायचं नाही. मी विचारतो, 'गाडीला लॅपटॉप लावला होता का?' परवा परवा एकानं सांगितलं, हो, लावला होता की, मागच्या सीटवर पोरं पिक्चर बघत होती. तेव्हा आता तेही विचारत नाही. सरळ डीलरला फोन करून चासी नंबर सांगतो. माणसाला विचारलं की माणूस त्याच्या परीनं खरंच सांगतो, घोळ आपल्या प्रश्नात असतो.

आठ-पंधरा दिवसांनी भर दुपारी आबा दुकानात आले. डाव्या हातात पेढ्यांचा पुडा, धोतराला रस्त्याची धूळ. मी सवयीनं बाहेर पाहिलं. रस्त्यावर त्यांची गाडी दिसली नाही, जीपही नाही.

"गाडी कुठंय, आबा?"

"पोरीकडं. तिची ड्युटी असती ना." ते बाकड्यावर टेकले आणि पायातलं पायताण काढून झटकलं. "एसटीनं आलो. अंबडपासून इथपर्यंत उभा. कुणी जागा देईना."

माझ्याकडं तेव्हा तीन गिऱ्हाइकं बसलेली होती. आबांनी हीच तक्रार त्या तिघांनाही एकेक करून सांगितली, आणि प्रत्येकाला पेढा दिला.